महापौरपद की स्थायी समिती? पहिल्यांदा निवडून आलेल्या नगरसेविकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. खाडीपलीकडच्या एका प्रभागातून ठाणे महापालिकेवर पहिल्यांदा निवडून आलेल्या नगरसेविका लिहितात : "चार जणांच्या पॅनलमधून महिला राखीव जागेवर निवडून आले. सासरे म्हणतात, स्थायी समितीत शिरकाव कर, बाकी सगळं मागोमाग येईल. मिस्टर म्हणतात, अडीच वर्षांनी महापौरपदाची चिठ्ठी महिलांसाठी निघाली तर आपलं नाव पुढे असलंच पाहिजे. महापौर होऊन हातात नक्की काय येतं? आणि तिथवर जायचा रस्ता कसा असतो?"

ताई, मी राजकारणी नाही. आपल्या जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, त्यांतल्या एकीच्या सचिव खात्यात मी 31 वर्षं काढली. महासभेत महापौरांच्या डाव्या हाताला, पीठासनाच्या एक पायरी खाली माझं टेबल. विषयपत्रिका काढायची, सभेत कोण काय बोललं ते टिपायचं, इतिवृत्त लिहायचं आणि सही घ्यायला महापौरांच्या दालनाबाहेर उभं राहायचं, हे माझं काम. अकरा महापौर येताना पाहिले आणि जातानाही. त्यामुळे खुर्ची मागून कशी दिसते हे मी सांगू शकतो. समोरून कशी दिसते ते तुम्हाला रोजच दिसतं.

आधी हातात काय येत नाही ते सांगतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. आपला कायदा 1949 चा, मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. आता त्याचं नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. नाव बदललं, सांगाडा तोच राहिला. अंमलबजावणीचे सगळे अधिकार आयुक्तांकडे आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर चेकवर सही करत नाही, निविदा काढत नाही, एका शिपायाची बदलीसुद्धा करू शकत नाही. हे मी उपमा म्हणून सांगत नाही. आमच्याकडे एका महापौरांनी पहिल्याच आठवड्यात दालनातला शिपाई बदलून मागितला. सामान्य प्रशासन विभागाने टिपणी तयार केली, ती उपायुक्तांकडे गेली, तिथून आयुक्तांकडे. शिपाई बदलला तोवर महापौरांना त्याची सवय झाली होती आणि नवा नको असं सांगायला त्यांनी मलाच पाठवलं.

बाकी थाट पुष्कळ. प्रथम नागरिक म्हणून मान, गाडी, ठाण्यात उपवनच्या तलावाजवळचा बंगला, नवी मुंबईत पारसिक हिलवरचं निवासस्थान. सकाळी रक्तदान शिबिर, दुपारी शाळेचं बक्षीस वितरण, संध्याकाळी सोसायटीच्या सत्यनारायणाला जाऊन नारळ. नवी मुंबईचा महापौर असेल तर मोरबे धरण भरल्यावर जलपूजन. ते धरण पालिकेच्या मालकीचं असल्यामुळे त्या पूजेला तरी अर्थ आहे. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. पाणी स्वतःच्या योजनेतून, स्टेम म्हणजे शहाड-टेमघर पाणी प्राधिकरणाकडून, एमआयडीसीकडून आणि मुंबई महापालिकेकडून असं चार ठिकाणांहून गोळा होतं. म्हणून "ठाण्याला हक्काचं धरण" हे वाक्य मी प्रत्येक निवडणुकीत ऐकत आलो.

लोकांना आठवतं काय तेही पाहा. नव्वदच्या दशकात ठाण्याचे रस्ते रुंद झाले. कुणालाही विचारा, टी. चंद्रशेखर हे नाव सांगतील. ते आयुक्त होते. त्या काळी महापौर कोण होते, असं विचारलंत तर नौपाड्यातला जुना माणूससुद्धा क्षणभर थांबेल.

मग महापौराकडे आहे काय? सभागृह. आणि हे लहान नाही.

महासभा दर महिन्याला घ्यावीच लागते. तिच्या विषयपत्रिकेवर प्रशासनाचे प्रस्ताव येतात, नगरसेवकांचे अशासकीय ठराव येतात, प्रश्नोत्तरं, लक्षवेधी येतात. कुठला विषय आज घ्यायचा, कुठला तहकूब करायचा, कुणाला बोलू द्यायचं, चर्चा कधी थांबवायची आणि मतं सारखी पडली तर निर्णायक मत कुठे टाकायचं, हे सगळं पीठासनावरून ठरतं. आयुक्त कितीही मोठा असला तरी त्याचे धोरणात्मक प्रस्ताव या दारातून जातात. ज्या महापौरांना हे कळलं त्यांची किंमत प्रशासनाने केली. ज्यांना कळलं नाही त्यांच्या दालनात फक्त हार-तुरे साठत गेले.

दोन माणसं सांगतो, नावं नाहीत. एक बाई होत्या. फार शिकलेल्या नव्हत्या. सभेच्या आदल्या रात्री प्रत्येक विषयाचा गोषवारा घरी मागवायच्या आणि लाल पेन्सिलीने खुणा करून सकाळी परत पाठवायच्या. एका उद्यानाच्या देखभालीचा प्रस्ताव त्यांनी तीनदा "माहितीसह फेरसादर करावा" म्हणून परत लावला. तिसऱ्या वेळी आलेला आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली होता. त्यांनी कुणावर आरोप केला नाही, माईकवर आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, की झाडं तेवढीच आहेत, मग माळी निम्मे कसे झाले? सभागृह हसलं आणि अधिकारी खाली बघत राहिले.

दुसरे एक होते, त्यांच्या काळात सभा म्हणजे गोंधळ. विरोधकांनी राजदंडाला हात घातला, घोषणा सुरू झाल्या, की हे उभं राहून "विषय क्रमांक बारा ते एकावन्न मंजूर, राष्ट्रगीत!" असं म्हणायचे. चार मिनिटांत चाळीस विषय. शिवाय ऐनवेळचे विषय वेगळे. ही जात लक्षात ठेवा ताई. छापील पत्रिकेत नसलेले, सभेच्या टेबलावर येणारे. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे सभेनंतर आम्हाला विचारत फिरावं लागायचं. कधी तीन-तीन दिवसांनी नावं मिळायची. पुढे त्यांतल्या दोन ठरावांवर चौकशी लागली, तेव्हा ज्यांनी आग्रह करून विषय आणवले ते कुठेच नव्हते. कागदावर सही महापौरांची. निवृत्तीनंतरही त्यांना जबाब द्यायला बोलावत होते. मलाही.

सभागृहाच्या ताकदीलाही वेसण आहे. महासभेने केलेला ठराव राज्य सरकार विखंडित, म्हणजे रद्द करू शकतं. नवी मुंबईचं 2016 चं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव आला, सुधाकर सोनवणे महापौर होते. कायद्याला एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतं लागतात. 111 च्या सभागृहात भाजपचे 6 नगरसेवक विरोधात गेले, बाकी जवळजवळ सगळं सभागृह एका बाजूला. ठराव प्रचंड मतांनी मंजूर झाला, आणि मुंढे तरीही खुर्चीवर राहिले. त्यांची पुण्याला बदली झाली ती मार्च 2017 मध्ये, सरकारला वाटलं तेव्हा. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या नगरसेवकांना नंतर कळलं की आपण जोर कुठे लावला होता.

आता तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं. स्थायी समिती सोळा जणांची. पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे जागा वाटल्या जातात, गटनेता बंद लिफाफा महापौरांच्या हातात देतो आणि महापौर सभागृहात नावं वाचतात. दर वर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात, पहिल्या वर्षी कोण जाणार हे चिठ्ठीवर. सभापती दर वर्षी नवा निवडायचा. आयुक्तांच्या मर्यादेपलीकडचे ठेके इथे मंजूर होतात, अंदाजपत्रकही आधी इथे येतं आणि मग महासभेत. म्हणजे पैशाचा नळ इथे आहे, हे सासरे बरोबर सांगतात. त्यांनी न सांगितलेलं मी सांगतो. या समितीच्या दाराबाहेर ठेकेदार उभे असतात. ठाण्यात "नंदलाल समिती" हे शब्द जुने कंत्राटदार अजून आवाज खाली करून उच्चारतात, कारण ठेक्यांतल्या टक्केवारीची चौकशी तिने केली होती. पहिल्याच वर्षी तिथे गेलात आणि काय वाचायचं हे कळत नसेल, तर दुसरा कुणीतरी तुमच्या वतीने वाचेल. मग मंजुरी तुमची आणि हिशेब त्याचा.

तुमच्या यजमानांचं अडीच वर्षांचं गणित मात्र मला कच्चं वाटतं. महापौरपद कुठल्या प्रवर्गासाठी राखीव हे नगरविकास खात्याच्या सोडतीत ठरतं. या वेळी 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले आणि महापौरपदाची सोडत त्यानंतर निघाली. म्हणजे निकालाच्या रात्री गुलाल उधळत "आमचा भावी महापौर" असे बॅनर लावणाऱ्यांना आपला माणूस उभा राहू शकतो का, हेच माहीत नव्हतं. ठाण्याचं पद अनुसूचित जातीसाठी निघालं, नवी मुंबईचं खुल्या गटातल्या महिलेसाठी, कल्याण-डोंबिवलीचं अनुसूचित जमातीसाठी. एका रात्रीत कितीतरी दिग्गजांची नावं यादीतून उडाली आणि पक्षात ज्यांना कोपऱ्यातली खुर्ची मिळायची ते मधोमध आले. पुढची चिठ्ठी 2028 मध्ये. ती तुमच्या सोयीची निघेल या हिशेबावर आज काहीही उभारू नका. सोयीची निघालीच तर त्या दिवशी सभागृहात तुमचं नाव कशासाठी घेतलं जातं, एवढंच तुमच्या हातात आहे.

चिठ्ठीनंतरही पक्ष आहेच. ठाण्यात टेंभी नाक्याकडे, म्हणजे शिवसेनेच्या आनंद आश्रमाकडे बघायचं आणि नवी मुंबईत बोनकोड्याकडे, म्हणजे नाईकांच्या घराकडे, ही सवय जुनी. नवी मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक 1995 ला झाली आणि संजीव नाईक पहिले महापौर झाले. वय 23. वडील गणेश नाईक तेव्हा राज्यात मंत्री होते. 2010 ला त्याच घरातले सागर नाईक महापौर झाले. घराण्याचा आधार नसेल तर पक्ष आणखी काही गोष्टी तपासतो. ज्येष्ठता, जातीचा समतोल, खाडीच्या अलीकडचा की पलीकडचा, मागच्या वेळी कुणाला शब्द दिला होता. आणि एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. तुमच्या मतदारसंघाच्या आमदाराला तुम्ही चालता का? कारण महापौर म्हणजे पुढच्या विधानसभेचा तयार दावेदार. आमदार तोंडावर "ताई आपल्याच" म्हणतील आणि वर निरोप वेगळा देतील. असे निरोप मी पाहिले आहेत, कारण ते पोचवणारे पीए आमच्याच खात्यात चहा प्यायला बसायचे.

कधीकधी महापौरपद सव्वा-सव्वा वर्षात वाटून दिलं जातं. पहिल्याने सव्वा वर्षांनी राजीनामा द्यायचा, दुसऱ्याने यायचं. राजीनाम्याची तारीख आली की पहिला आजारी पडतो, हे मी दोनदा पाहिलं.

मग येतो आकड्यांचा खेळ. 1989 ला ठाण्यात शिवसेनेचे प्रकाश परांजपे महापौरपदाची निवडणूक एका मताने हरले, मतं फुटली म्हणून. त्यानंतर मतफुटीच्या संशयातून नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला, ते ठाणेकरांना सांगायला नको. 2012 ला 130 जणांच्या सभागृहात कुणाकडेच पुरेसा आकडा नव्हता आणि मनसेच्या 7 नगरसेवकांभोवती सगळं शहर फिरत होतं. नवी मुंबईत 2015 ला राष्ट्रवादीचे 52, बहुमताला 56 लागत होते. काँग्रेसचे 10 आले तेव्हा सोनवणे महापौर झाले आणि उपमहापौरपद काँग्रेसला गेलं. ठाण्यात 2017 ला शिवसेनेने 131 पैकी 67 आणले, तेव्हा मात्र सगळं शांतपणे झालं. आता मतदान हात वर करून होतं, गटाची नोंदणी बेलापूरला कोकण भवनात झालेली असते, पक्षादेश बजावलेला असतो. तरी निवडीच्या आधी नगरसेवकांची "सहल" निघतेच. फोन जमा, हॉटेलचं नाव गुप्त. तुम्हाला नेलं तर घरच्यांना कळवून जा, एवढंच म्हणतो. लहान मुलं असलेल्या नगरसेविकांची या सहलीत होणारी आबाळ कुणाच्या बातमीत येत नाही.

पद मिळाल्यावर पुढे काय, हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग आहे. इथे आपल्या भागाचा इतिहास मोठा गमतीचा.

सतीश प्रधान आधी ठाण्याचे नगराध्यक्ष होते. गडकरी रंगायतन त्याच काळातलं. 1982 ला महापालिका झाली, 1986 ला पहिली निवडणूक झाली आणि ते पहिले महापौर झाले. पुढे 12 वर्षं राज्यसभेत. वसंत डावखरे ठाण्याचे महापौर होते, नंतर विधान परिषदेचे उपसभापती म्हणून जवळपास 18 वर्षं. अनंत तरे तीन वेळा महापौर झाले, तेव्हा मुदत एकेका वर्षाची असे. लोकसभेचं तर विचारूच नका. 2009 पासून ठाणे लोकसभा प्रत्येक वेळी माजी महापौरानेच जिंकली आहे. 2009 ला नवी मुंबईचे माजी महापौर संजीव नाईक. 2014 ला ठाण्याचे माजी महापौर राजन विचारे, त्यांनी हरवलं ते नाईकांनाच. 2019 ला पुन्हा विचारे. 2024 ला नरेश म्हस्के, तेही ठाण्याचे माजी महापौर, आणि त्यांनी हरवलं विचारे यांना. दोनदा लोकसभेची लढत दोन माजी महापौरांत झाली. असा दुसरा मतदारसंघ मला चटकन आठवत नाही.

हे का होतं? आमदाराचं नाव त्याच्या मतदारसंघाबाहेर पाटीवरच दिसतं. महापौर अडीच वर्षं घोडबंदरपासून नौपाड्यापर्यंत प्रत्येक मंडपात जातो. साडेतीनशे सोसायट्यांच्या चेअरमनांकडे त्याचा नंबर असतो. हार-तुऱ्यांची मी मघाशी चेष्टा केली, पण त्यांची बेरीज मतपेटीत अशी होते. मात्र तुमच्यासाठी यात एक मेख आहे. तुमचा प्रभाग कळवा-मुंब्र्याकडचा असेल तर तो ठाणे लोकसभेत येत नाही, कल्याण लोकसभेत येतो. तुम्ही महापौर झालात तरी जिथे तुमचं नाव पोचेल ती मतं एका मतदारसंघात आणि तुमचं घर दुसऱ्यात. तुमच्या यजमानांना हा नकाशा एकदा दाखवा.

या यादीने हुरळूनही जाऊ नका. ठाण्याच्या महापालिकेतून जो माणूस सगळ्यात वर गेला तो कधी महापौर नव्हता. एकनाथ शिंदे 1997 ला नगरसेवक झाले, 2001 ला सभागृह नेते, 2004 ला आमदार, 2022 ला मुख्यमंत्री. म्हस्केही महापौर होण्याआधी सभागृह नेते होते. आणि 1989 ला एका मताने हरलेले ते परांजपे? 1996, 1998, 1999 आणि 2004, चार वेळा खासदार झाले. सभागृह नेत्याला बंगला नसतो. पण आपल्या पक्षाच्या प्रत्येक नगरसेवकाची अडचण त्याच्याकडे येते, विरोधकांशी बोलणी तोच करतो, कुठला विषय निघणार हे त्याला आदल्या रात्री माहीत असतं. माणसं जोडायची जागा ती. माझं मत विचाराल तर पाच वर्षांत एकच गोष्ट मागायची झाली तर ती मागा. पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईला ती सहसा देत नाहीत, हेही खरं आहे.

आणि उरलेले माजी महापौर? बहुतेक जण प्रभागात परत जातात. पुढच्या निवडणुकीत प्रभागाचं आरक्षण बदललेलं असतं, नाहीतर सीमा. काहींच्या पत्नी किंवा भाऊ उभे राहतात. एक माजी महापौर निवृत्तीनंतर सात-आठ वर्षांनी माझ्या खिडकीपाशी आले होते, जुन्या ठरावाची नक्कल हवी होती. नव्या क्लार्कने ओळखलं नाही, अर्ज भरायला सांगितला. त्यांनी निमूट भरला. मी आतून धावत गेलो तर म्हणाले, "अहो राहू द्या, अडीच वर्षं मी तुम्हाला रांगेत उभं केलं, आज माझी पाळी." आम्ही कँटीनला जाऊन चहा घेतला. भला माणूस होता.

आता थोडं तुमच्या घरातलं बोलतो, राग मानू नका. 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या आणि आमच्या इमारतीत एक नवा अधिकारी वर्ग आला, नगरसेवकपती. नगरसेविका दालनात, आणि फाइलवर बोट ठेवून बोलणारे मिस्टर. एका महिला महापौरांच्या यजमानांनी मागच्या खोलीत स्वतःचं टेबलच थाटलं होतं. अधिकारी आधी तिथे जायचे, मग बाईंकडे. दोन महिन्यांनी बाईंनी ते टेबल एका सुट्टीच्या दिवशी उचलून स्टोअरमध्ये ठेवायला लावलं. सोमवारी काय झालं ते मी सांगणार नाही, पण पुढची सव्वादोन वर्षं त्या खोलीत विषयपत्रिकांचे गठ्ठे होते. तुमच्या कार्यालयाच्या पाटीवर नंबर तुमचा असू द्या. लेटरहेडचं पुस्तक तुमच्या कपाटात. कोऱ्या लेटरहेडवर सही करून ठेवायची नाही, "घाईत लागेल" असं कुणीही म्हटलं तरी.

पद जाण्याच्या वाटाही माहीत असू द्या. निवडणुकीतल्या अटी, दोन अपत्यांची, जातवैधतेची, त्या तुम्ही पार केल्याच असतील. पण निवडून आल्यावरही दोन गोष्टींवर सदस्यत्व जातं. पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध, आणि अनधिकृत बांधकाम, स्वतःचं किंवा कुणाला मदत केलेलं. खाडीपलीकडे दुसरी गोष्ट किती जवळ असते ते मी सांगायला नको. घरावर वाढीव मजला असेल, दीर बिल्डरकडे वाळू-खडी टाकत असेल, तर आधी वकिलाला दाखवा. तुमचा विरोधक माहिती अधिकारात अर्ज टाकून बसलेला असतो, आणि तुमचं नाव मोठ्या पदासाठी चर्चेत आलं की तो कागद बाहेर काढतो. आजच काढून काय उपयोग, हे त्यालाही कळतं.

सासरे आणि मिस्टर यांच्यात मी कुणाच्या बाजूने, हे विचाराल म्हणून सांगतो. पहिलं वर्ष प्रभाग समितीवर घाला. ठाण्यात अशा नऊ आहेत. कळवा, मुंब्रा किंवा दिवा, जी तुमची असेल तिच्या बैठका चुकवू नका. गटार, कचरा, दिवे, पाण्याच्या वेळा यांचं काम इथेच कळतं आणि कनिष्ठ अभियंते तुमचं तोंड ओळखू लागतात. जमलं तर महिला व बालकल्याण समितीवर नाव लावा. तिचं अंदाजपत्रक लहान म्हणून पुरुष नगरसेवक तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे प्रस्ताव कसा तयार होतो, कुठे अडतो, मार्च आला की निधी कसा परत जातो हे शांतपणे शिकता येतं. स्थायी समिती दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी मागा. निम्मे निवृत्त होतातच, जागा निघते. तोवर दोन अंदाजपत्रकं तुमच्या नजरेखालून गेलेली असतील.

या वेळी एक अडचण जास्त आहे. नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून प्रशासकच कारभार पाहत होते. मधल्या काळात जुने नगरसेवक पांगले, सचिव खात्यातले आमच्यासारखे निवृत्त झाले. प्रशासक असताना आयुक्त स्वतःच प्रस्ताव ठेवायचे आणि स्वतःच मंजूर करायचे. त्या सवयीतून आलेल्या अधिकाऱ्यांना आता "यावर चर्चा करायची आहे" हे वाक्य जड जाईल. सभाशास्त्र माहीत असलेली नवी माणसं सभागृहात कमी आहेत. म्हणून सचिव कार्यालयात जाऊन 2017 ते 2022 मधल्या महासभांची इतिवृत्तं वाचायला मागा. कंटाळवाणी असतात, माझ्यासारख्यांनीच लिहिलेली. पण लक्षवेधी कशी मांडतात, उपसूचना कुठल्या शब्दांत देतात, मतदान कसं मागायचं, हे त्यात सगळं आहे.

महासभेच्या विषयपत्रिकेत सुरुवातीलाच "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे" असा विषय असतो. सगळे अजून खुर्च्या शोधत असतात, महापौर "कायम" म्हणतात, दहा सेकंदांत संपतं. मी 31 वर्षं ते दहा सेकंद पाहिले, त्यात हात वर करणारे नगरसेवक पाच-सहाच निघाले. तुम्ही आदल्या सभेत जे बोललात ते आम्ही कसं लिहिलंय ते घरून वाचून या. चुकीचं लिहिलं असेल तर उभं राहून पान क्रमांकासह दुरुस्ती सांगा. पीठासनाखालचा क्लार्क वर बघेल. त्याच्या टेबलावरची लाल पेन्सिल कदाचित माझीच असेल, मी ती तिथेच ठेवून आलो होतो.